ओढंल का?

आमच्या गावाला दोन गोष्टी ‘येणार, येणार’ म्हणून वर्षानुवर्षं ठाऊक होत्या. एक नगर-बीड-परळी रेल्वे आणि दुसरी तात्यांची फोर व्हीलर. रेल्वेला मंजुरी मिळाली १९९५ साली, मार्ग २६१ किलोमीटरचा, आणि नगरहून बीडपर्यंत गाडी धावायला २०२५ सालचा १७ सप्टेंबर उजाडला. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त होता. निम्मं गाव बीडच्या स्टेशनावर रेल्वे बघायला गेलं आणि जे गेलं नाही ते पारावर तात्यांभोवती जमलं.

“तात्या, रेल्वेनं बाजी मारली बरं का!”

तात्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. “तिला तीस वर्षं लागली. मला आजून बारा बी न्हाईत. आन् कुठून कुठं जायचं ते तिचं आधीच ठरलेलं होतं. मला तर समदंच ठरवायचंय.”

तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. नेकनूरकडच्या अंगाला बालाघाटाच्या उतारावर सहा एकर रान आहे, त्यात सीताफळाची झाडं. पोरगा पुण्यात कंपनीत, लेक अंबाजोगाईला दिलेली. पेन्शन महिन्याच्या महिन्याला येते. कर्ज नाही, व्यसन नाही. तेव्हा तात्यांची गाडी पैशापायी अडलेली आहे असं कुणी समजू नये. ज्याच्याकडे पैसा नसतो तो गाड्यांकडे बघत नाही. ज्याच्याकडे असूनही जो थांबलेला असतो, तो दुसरीकडे कुठं बघतच नाही. तात्या दुसऱ्या जातीचे.

त्यांच्याकडे एक दोनशेपानी वही आहे. शाळेतल्या निकालपत्रकासारखे लाल शाईनं रकाने आखलेले: गाडीचं नाव, लांबी, इंजिन, ओढ, अ‍ॅव्हरेज (कंपनीचं), अ‍ॅव्हरेज (खरं), वॉरंटी, वर्कशॉप कुठं, आणि शेवटी शेरा. शेरेही शाळेतलेच. एका गाडीपुढे ‘हुशार, परंतु मेहनत कमी’, दुसरीपुढे ‘वर्तन चांगले’, तिसरीपुढे ‘पालकांनी समक्ष भेटावे’. ही तिसरी कुठली ते मी विचारलं नाही, पण तात्या तिच्या कंपनीला पत्र लिहिणार होते एवढं कानावर आलं होतं.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना ओढीचा. शोरूममध्ये पाय ठेवला की लोक रंग विचारतात, सनरूफ विचारतात, हप्ता किती बसेल ते विचारतात. तात्यांचा पहिला प्रश्न एकच: “ओढंल का?”

यात चेष्टेसारखं काही नाही. रानात त्यांची एक टायरगाडी आहे. जुन्या बैलगाडीचा सांगाडा, त्याला भंगारातली जीपची चाकं, वर पाचशे लिटरची काळी टाकी. बैल विकले त्या दुष्काळात, गाडी राहिली. २०१२-१३ला पाऊस गेला, २०१५-१६ला गेला, २०१८ला पुन्हा गेला. शेजारच्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्याचं देशभर कौतुक झालं. बीड शहराला रूळच नव्हते, मग पाणी येणार कशावरून? तात्या तेव्हा झाडं जगवायला ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभे असत. ट्रॅक्टरवाला ऊस वाहायला कारखान्यावर गेलेला असे आणि असला तरी खेपेचे पैसे ऐकून सीताफळालाच घाम फुटावा. त्या उन्हाळ्यात तात्यांनी ठरवलं की आपली गाडी अशी हवी की सकाळी लेकीला अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेईल, दुपारी टाकी ओढील, संध्याकाळी लग्नाला नेईल आणि महिन्याअखेरीला डिझेलच्या हिशोबात पेन्शनला हात लावणार नाही.

आता अशी गाडी जगात नाही असं नाही. परदेशात लोक छोट्या एसयूव्हीमागे होडी बांधून समुद्रावर जातात, हे पुण्याच्या पोरानं त्यांना मोबाइलवर दाखवलं. तात्यांनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. होडी त्यांनी पाहिलीच नाही. गाडी आणि होडीच्या मधला आकडा तेवढा पाहिला. “हितं वेल्डिंग कुठं मारलंय?”

बीडच्या एका शोरूममध्ये त्यांच्यासोबत मी गेलो होतो. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, कारण जे घडलं ते कुठल्याही शोरूममध्ये घडलं असतं. चकाचक फरशी, मधोमध लाल रंगाची गाडी, वर दिव्यांची झालर. सेल्समन पोरगा टाय बांधलेला, नुकताच कामाला लागलेला. त्यानं दार उघडून धरलं. तात्या दाराकडे गेले नाहीत. त्यांनी खिशातून मोठा रुमाल काढला, फरशीवर अंथरला, गुडघे टेकले आणि हळूहळू पाठीवर आडवे होत गाडीच्या मागच्या बंपरखाली सरकले. बाहेर राहिले फक्त पाय आणि एक चप्पल. शेजारच्या गाडीत एक कुटुंब सनरूफमधून डोकं काढून फोटो काढत होतं, त्यांनी डोकी आत घेतली.

खालून आवाज आला, “चासी कुठंय?”

पोरगा वाकून म्हणाला, “सर, ही मोनोकॉक आहे.”

“ते आसंल. चासी कुठंय?”

मग त्या पोरानं, टाय पाठीवर टाकून, गुडघ्यावर बसून समजावलं. हल्लीच्या बहुतेक छोट्या गाड्यांना खाली दोन लांब लोखंडी गर्डर नसतात. तळ, खांब, छप्पर, सगळं पत्र्याचं एकच कवच. जोर त्या कवचावरच पडतो. वजन कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज बरं, म्हणून खड्ड्यात बसणाऱ्याची कंबर शाबूत. बोलेरोसारख्या गाडीला अजून वेगळी चासी असते आणि तिचा जोर मागच्या चाकांवर जातो. या लाल गाडीचा जोर पुढच्या चाकांवर. मागं वजन बांधून चढाला लागलं की पुढचा भाग हलका होतो आणि नेमकी जोराची चाकंच जागेवर फिरत राहतात.

तात्या बाहेर आले. पाठीला धूळ लागली नव्हती, फरशी एवढी स्वच्छ होती. म्हणाले, “म्हंजी सांगाडाच न्हाई. नुसतं कातडं.”

नेकनूरच्या बैलबाजारात तात्यांचे वडील नावाजलेले पारखी होते. दात बघायचे, खूर बघायचे, वशिंडावर थाप मारायची, भोवरा कुठं आहे ते पाहायचं, दहा पावलं चालवून मागून चाल बघायची, आणि मग रुमालाखाली बोटं धरून भाव. खोड विचारायची: मारका आहे का, जू टाकलं की बसतो का. आणि शेवटी कामाची बोली: नेऊन नांगराला जुंपून बघीन, चालला तर माझा, नाही तर तुझ्या दावणीला परत. तात्या शोरूममध्ये गाडी घ्यायला जातच नाहीत, बाजारात जातात. टायरला अंगठा दाबतात. बॉनेटवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान देतात. स्टेपनी बाहेर काढायला लावतात आणि ती चार चाकांपेक्षा बारकी निघाली की सेल्समनकडे अशा नजरेनं पाहतात की त्यानंच ती रात्रीतून बदलली असावी. सगळ्यात अडचण होते ती भावाच्या वेळी. मॅनेजर कॉम्प्युटरवरून कोटेशन काढतो, तात्या रुमाल पुढे करतात.

लांबी त्यांनी स्वतः टेप लावून मोजली. ३९९५ मिलिमीटर. दुसऱ्या कंपनीच्या शोरूममध्ये जाऊन मोजली, तिथंही ३९९५. तिसरीकडे ३९९०. “पाच-पाच मिलिमीटर खातंय कोण?” हा प्रश्न त्यांनी खूप दिवस बाळगला. उत्तर साधं आहे. २००६च्या अर्थसंकल्पात सरकारनं छोट्या गाडीची व्याख्या केली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल असेल तर इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५००पर्यंत. त्यात बसेल तिला कर कमी. तेव्हापासून देशातली प्रत्येक छोटी एसयूव्ही चार मीटरच्या उंबऱ्यावर पोट आत घेऊन उभी आहे. डिकी आखूड का, याचं कारण दिल्लीत आहे हे कळल्यावर तात्यांनी सेल्समनला माफ केलं.

ओढीचा आकडा न्यूटन मीटरमध्ये असतो, हे त्यांनी विज्ञानाच्या गुरुजींकडून समजून घेतलं. मग वहीत रांग लागली. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १३७च्या आसपास. बोलेरो २१०. व्हेन्यू आणि सोनेट डिझेलमध्ये २५०. नेक्सॉन डिझेल २६०. एक्सयूव्ही थ्रीएक्सओचं डिझेल ३००. या शेवटच्या आकड्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या आणि गावात पेढ्यांची चर्चा सुरू झाली. पण तात्या पुस्तिका वाचणारे. गाडी घेतल्यावर जी डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतच जन्म काढते ती मालकासाठीची पुस्तिका, ती त्यांनी शोरूममध्ये मागवून घेतली आणि सोफ्यावर बसून चहाच्या तीन कपांत संपवली. आणि त्यात ते वाक्य सापडलं, जे या वर्गातल्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकांत कुठं ना कुठं असतं: ही गाडी माणसं आणि त्यांचं सामान नेण्यासाठी बनवलेली आहे, ट्रेलर ओढण्यासाठी नाही.

तात्यांनी पुस्तिका मिटली, उठले, डिकी उघडायला लावली. जॅकशेजारी फोममध्ये एक जाड लोखंडी कडी ठेवलेली होती. बंपरवरचं छोटं चौकोनी झाकण नखानं उचकटलं, आत आटे. कडी आट्यात नीट फिरवून बसवली, ओढून पाहिली.

“ओढायचं न्हाई म्हणता. मंग ही कडी कशाला दिली?”

“सर, ती आपली गाडी बंद पडल्यावर दुसऱ्या गाडीनं टोचन करायला.”

तात्या बराच वेळ त्या कडीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कंपनीला आपल्या गाडीचा लई भरवसा हाय. ओढायची न्हाई, पण ओढून न्यायची सोय आधीच करून ठिवली.”

कडी वेल्डिंग करून मागं आकडा बसवून घेतो म्हणाले, तर पोरगा घाबरला. बाहेरून काही कापलं-जोडलं की त्या भागाच्या वॉरंटीवर पाणी. पुढं मोठं लोखंडी गार्ड लावतो म्हणाले, तर तेही नाही. २०१७च्या डिसेंबरात केंद्रानंच राज्यांना कळवलं की असली गार्ड बेकायदा, कारवाई करा. तात्या म्हणाले, “मंग लावायचं तरी काय? लिंबू-मिरची?”

वॉरंटीच्या रकान्यावर त्यांनी जेवढा अभ्यास केला तेवढ्यात एखादा पोरगा वकील झाला असता. मारुतीनं २०२४च्या जुलैत दोन वर्षं-चाळीस हजार किलोमीटरवरून तीन वर्षं-एक लाख केली, ती तारीख वहीत आहे. कुणी तीन वर्षं कितीही पळवा म्हणतं, कुणी ज्यादा पैसे भरून पाच-सात वर्षांपर्यंत वाढवून देतं. पण तात्यांना भुरळ पडते ती वॉरंटीत काय नाही त्या यादीची. क्लचप्लेट नाही, ब्रेकपॅड नाही, वायपर नाही, टायर-बॅटरीची तक्रार ज्यानं-त्यानं बनवली त्याच्याकडे न्यायची, आणि उंदरानं वायर कुरतडली तर तो तुमचा उंदीर. ओझं ओढताना सगळ्यात आधी जळतो क्लच. “म्हंजी जे जानार त्याला वॉरंटी न्हाई, आन् ज्याला वॉरंटी हाय ते जात न्हाई,” असा तात्यांचा निष्कर्ष. गणिताच्या गुरुजींनी काढलेला आहे, मी त्यात खोट काढू शकलो नाही.

त्यावर कडी म्हणजे कंपनीचीच वॉरंटी. एकोणीस-वीसच्या सुमाराला तात्या फोर्डच्या इकोस्पोर्टवर जवळजवळ ठरले होते. आधी शेवरलेटची टवेरा मनात होती. आमच्याकडं वडापला आणि वऱ्हाडाला तीच असायची. २०१७ संपता संपता शेवरलेटनं भारतात विकणंच बंद केलं. २०२१च्या सप्टेंबरात फोर्डनं कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. मारुतीची डिझेल ब्रेझा, तिला तर तात्यांनी मनातल्या मनात हारही घातला होता. एप्रिल २०२०ला बीएस-सहाचा नियम लागला आणि मारुतीनं डिझेल सोडूनच दिलं. गावात मग एक समजूत रुजली. तात्यांच्या मनात गाडी भरली की ती बंद होते. गावातल्या एका डीलरच्या माणसानं तात्यांना हात जोडून विनवलं म्हणतात की आमच्या गाडीचा विचार सोडा, बाकी काहीही करा. हे खरं की पारावरचं, मला ठाऊक नाही. पण तात्यांनी ते नाकारलेलं नाही.

अ‍ॅव्हरेजचं प्रकरण आणखी वेगळं. पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेनं काढलेला जो आकडा जाहिरातीत असतो, तो कसा निघतो हे तात्यांनी शोधून काढलं आहे. गाडी रस्त्यावर जातच नाही. रोलरवर उभी करतात, चाकं जागेवर फिरतात, ठरवून दिलेल्या वेगानं, जास्तीत जास्त नव्वदच्या स्पीडनं, वीस मिनिटांच्या आत खेळ आटोपतो, आणि तेवढा वेळ एसी बंद. “आमच्यात नवरदेव बी असाच दाखवत्यात,” काकू म्हणाल्या. काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, कमी बोलतात. तात्यांचं मागणं असं आहे की एआरएआयनं एकदा धारूरच्या घाटात यावं, गाडीत सात माणसं, त्यातली दोन लग्नाची जेवलेली, मागं आहेराची भांडी, समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, आणि मग सांगावं किती देते ते.

एआरएआय येत नाही म्हटल्यावर तात्या स्वतः गेले. टेस्ट ड्राइव्हला. सेल्समन म्हणाला पाच किलोमीटरची फेरी, सपाट रस्ता. तात्या म्हणाले मांजरसुंब्याचा घाट. बोलण्यात घासाघीस होऊन शेवटी घाट ठरला, पण निघताना तात्यांनी वाटेत मोंढ्यापाशी थांबवून सरकी पेंडीची दोन पोती डिकीत टाकली. “ती लागणारच हायेत म्हशीला,” एवढंच म्हणाले. मागं काकू, मी आणि गावातले एक सावकार, ज्यांना आणण्याचं कारण त्यांचं वजन हेच होतं. घाटात तात्यांनी सेल्समनला एसी लावायला सांगितला, मग बंद करायला, मग परत लावायला. दर वेळी ते डॅशबोर्डवरच्या आकड्याकडे डोळे लावून बसले. एका वळणावर आकडा सहावर आला. सेल्समन म्हणाला, “सर, हा आत्ताचा आहे. उतरताना बघा.” उतरताना आकडा नव्व्याण्णव झाला. तात्या म्हणाले, “म्हंजी ह्याचं बी आपल्यासारखंच. चढाला रडायचं, उताराला बढाया.”

डिझेल घ्यावं तर ओढ आहे, पण धुरकांड्यात काजळीची चाळणी असते. गाडी लांब आणि गरम पळाली तरच ती स्वतःला जाळून साफ करते. तात्यांचा रोजचा प्रवास रान ते पार, पार ते दूधडेअरी. चाळणी चोंदणार. सीएनजी घ्यावा, ब्रेझा सीएनजीला किलोला २५.५१चा आकडा कंपनी सांगते, पण डिकीत सिलिंडर बसतो आणि सीताफळाची क्रेट कुठं ठेवायची हा प्रश्न उरतो. टाटानं नेक्सॉनमध्ये दोन बारके सिलिंडर तळाला बसवून डिकी सोडवली, तर तात्या म्हणाले, पंपावरची रांग कशी सोडवणार? आणि पेट्रोल घ्यावं, तर त्यात आता वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ताकद तिसऱ्या हिश्श्यानं कमी. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात लिहिलेलं आहे की जुन्या बनावटीच्या चारचाक्यांचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरेल. यावर तात्या खरोखर हळवे होतात. दिवाळी झाली की आमच्या गावातली निम्मी घरं कोयता घेऊन ट्रकमध्ये बसतात, सांगली-कोल्हापूर, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्या उसाची मळी, मळीचं इथेनॉल, इथेनॉल परत आमच्या पंपावर. “आपल्याच लेकरांनी तोडायचं,” तात्या म्हणतात, “आन् आपल्याच अ‍ॅव्हरेजवर घाव.”

याच गावातल्या मुकादमानं गाडी कशी घेतली ते सांगितलं पाहिजे. सकाळी बीडला गेला, दुपारी परत आला, स्कॉर्पिओ, पांढरी, टॉपची. लिंबू चिरडायच्या आधीच तात्या हजर. “किती देती?”

मुकादम म्हणाला, “डिझेल टाकलं की देती.”

“आन् वॉरंटी?”

“तात्या, माझीच वॉरंटी कोण देतंय?” आणि तो हंगामाची उचल वाटायला निघून गेला.

तात्यांना त्याचा राग आला नाही. वाईट वाटलं. एवढी मोठी वस्तू माणूस न तपासता घेतो, हे त्यांना संस्कारांचं अपयश वाटतं. म्हणून गावात कुणालाही गाडी काढायची झाली की तो आधी तात्यांकडे येतो, चार तास बसतो, वही बघतो, चहा पितो, आणि मग जाऊन नेमकी वेगळीच गाडी घेतो. पण पेढे आणून देतो. आज आमच्या गावातल्या आणि आसपासच्या पांदीतल्या बऱ्याच गाड्या तात्यांच्या सल्ल्यानं घेतलेल्या समजल्या जातात. एमएच-२३ची पाटी दिसली की तात्या अभिमानानं बघतात; आत कोण बसलंय ते गौण.

आणि तो टायवाला पोरगा. त्यानं आतापर्यंत चार कंपन्या बदलल्या. दर वेळी नवा टाय, नवं कार्ड, आणि मागच्या कंपनीत आपण कसं खोटं बोलत होतो याची सविस्तर कबुली. तात्या ती कबुली वहीत त्या-त्या गाडीपुढे शेऱ्यात लिहून घेतात. मधल्या काळात त्याचं लग्न झालं, ते तात्यांनी जमवलं. मुलीकडच्यांनी पोराचं काय बघावं, याबद्दल तात्यांचा रकाना आधीच आखलेला होता.

२२ सप्टेंबर २०२५, घटस्थापना. जीएसटी उतरला. चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीच्या आतल्या पेट्रोल आणि पंधराशेच्या आतल्या डिझेल गाड्यांवर आधी २८ टक्के आणि वर सेस होता, तो सगळा मिळून १८वर आला. नेक्सॉनची किंमत दीड लाखापर्यंत उतरली. ब्रेझा लांबीनं बसते, पण तिचं इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती चाळीस टक्क्यांत. हे तात्यांनी पारावर फळा नसताना समजावून सांगितलं. त्या दिवशी ते जिंकले होते. ज्यांनी ज्यांनी घाई केली, त्यांच्या दारावरून ते मुद्दाम हळू स्प्लेंडर नेत होते. “थांबलो म्हनून वाचले,” कुणी विचारलं नाही तरी सांगत होते.

मग घ्या की आता, असं सगळ्यांनी म्हटलं. तात्या म्हणाले, एकदा उतरला म्हंजी अजून उतरंल. आणि त्याच महिन्यात मराठवाड्यावर ढग फुटले. सिंदफणेला पूर आला, रस्त्यावर पाणी, पुलांवर पाणी, नव्याकोऱ्या गाड्या बंपरला ती कडी लावून ट्रॅक्टरमागं टोचन होऊन जाताना तात्यांनी स्वतः पाहिल्या. कडीचा उपयोग त्यांना पटला. घरी येऊन त्यांनी वहीत लाल शाईनं नवा रकाना आखला: पाणी, किती फुटांपर्यंत. आता सगळ्या गाड्या पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागणार.

परवा तो पोरगा नव्या कंपनीचं नवं पत्रक घेऊन आला होता. तात्यांनी जेवू घातलं, पत्रक ठेवून घेतलं. मला बीडला जायचं होतं, तात्या म्हणाले मांजरसुंब्यापर्यंत सोडतो. आम्ही निघालो तर चढ लागायच्या आधी रस्त्याच्या कडेला तोच उभा, मोटरसायकल आडवी करून टाकीत फुंकतोय. पेट्रोल संपलेलं. चार कंपन्यांचं अ‍ॅव्हरेज पाठ असलेला माणूस.

तात्या उतरले नाहीत. “बस गाडीवर. न्यूट्रलला टाक.” त्यांनी स्प्लेंडर त्याच्या मागून बाजूला आणली, उजवा पाय लांब केला, त्याच्या मागच्या फुटरेस्टवर टाच टेकवली आणि थ्रॉटल पिळला. मागं मी बसलेलो. स्प्लेंडरचं इंजिन कण्हलं आणि हळूहळू तीन माणसं आणि दोन मोटरसायकली चढाला लागल्या.

“तात्या, पडंल ना हो!”

“समोर बघ. हँडल सरळ धर. ब्रेकला हात लावायचा न्हाई.”

“किती न्यूटन मीटर आहे हो हिचा?”

“आठ.” तात्या वाऱ्याच्या वरून ओरडले. “आन् वॉरंटी हिरो-होंडाची. त्यातली होंडा कवाच निघून गेली.”

मांजरसुंब्याच्या पंपावर पोरानं शंभरचं पेट्रोल टाकलं. तात्यांनी मात्र स्वतःची टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, मीटरवरचा आकडा वाचला, वही काढली, रस्त्याकडे बघत थोडा हिशोब केला आणि एक कोरी ओळ आखून वर लिहिलं: अ‍ॅव्हरेज (टोचन धरून). मग पेनाला टोपण लावता लावता त्या पोराला म्हणाले, “पुढच्या बारीला घाट उतरताना बंद पाड, बाबा. चढाचं आलं, उताराचं राह्यलं.”